ओंडक्याची उलटी वरात

९ डिसेंबर

लिहायचं टाळत होते. टाळत होते म्हणजे काय, चक्क पळ काढत होते! ही वही वेल्गामावशीने मी आले त्याच दिवशी हातात ठेवली. म्हणजे पाच नोव्हेंबरला. "भटकतेस ती भटकतेस, निदान कुठे भटकलीस तेवढं तरी लिही." आजवर पहिल्या पानावर फक्त मांजराचं चित्र होतं. तेही तीन पायांचं. चौथा पाय काढायच्या आत कुणीतरी हाक मारली असणार.

तर. मी रासा. वय तेवीस. शाळा सोळाव्या वर्षी सोडली, तेव्हापासून डेन्मार्कात स्ट्रॉबेऱ्या, स्कॉटलंडात हॉटेलच्या चादरी, मग बोटीवर भांडी. इथे मावशीच्या गावी तीन दिवसांसाठी आले होते. महिना झाला. मावशी विचारत नाही कधी जाणार, मीही सांगत नाही. बरं चाललंय.

सूर्य आज पावणेनऊला उगवला. उगवला म्हणजे ढगामागे कुणीतरी चाळीसचा दिवा लावला, आणि पावणेचारला "बास झालं" म्हणून विझवला. एवढ्यासाठी उठायचं?

११ डिसेंबर

शेजारचे विलिसकाका राजधानीत, रीगाला आहेत, मोतीबिंदूसाठी. दोन्ही डोळे, एकेक करून. मधल्या दिवसांत पुतण्याकडे राहणार. नवीन वर्षानंतरच येतील म्हणतात. त्यांच्या कोंबड्या मावशीकडे सोपवल्यात.

बर्फ पडलं. मावशीने सकाळी आपल्या दाराआधी त्यांच्या दारचा रस्ता साफ केला.

"कुणासाठी?" मी विचारलं.

"कोंबड्यांसाठी."

"कोंबड्या कुठे बाहेर पडतात?"

"तू गप बस."

चौसष्ट वर्षांची आहे. कान लाल झाले होते. थंडीने, असं ती म्हणेल.

१२ डिसेंबर

एकवीस तारखेच्या, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या, ओंडक्याचं काम माझ्या गळ्यात पडलंय! दरवर्षी विलिसकाका आणतात. यंदा ते नाहीत, म्हणून मी. कारण काय, तर "तुझ्याकडे वेळच वेळ आहे."

ओकचा हवा. जाड, वाळलेला. तो दोर बांधून घराघरातून ओढायचा. प्रत्येक दारी माणसांनी तो काठीने बडवायचा आणि वर्षभराचं दुखणं, भांडण, पनवती सगळं त्यात घालायचं. मग सूर्य बुडायच्या आत टेकडीवर नेऊन जाळायचा. की सूर्य परत फिरतो.

"आणि नाही जाळला तर? तो काय तिथेच बसून राहणार?"

मावशी म्हणाली, "आजवर कुणी करून पाहिलेलं नाही."

१३ डिसेंबर

ओंडका आणायला निघाले. आणला नाही.

१७ डिसेंबर

चार दिवस गेले. कसे गेले ते मलाही नीट माहीत नाही. पहिल्या दिवशी जंगलात सांबराच्या मोठ्या भावाचे – एल्कचे – पाय उमटलेले दिसले, त्यांच्या मागे गेले, तर तळ्यावर पोचले. तळ्यावर एकजण बर्फाला भोक पाडून बसला होता. मासा नव्हता, चहा होता. तिथेच संध्याकाळ झाली. संध्याकाळ म्हणजे साडेतीन. दुसऱ्या दिवशी त्याला त्याची टोपी परत द्यायला गेले. तिसऱ्या दिवशी का गेले ते आठवत नाही.

मावशीने आज एक गंमत सांगितली. या दिवसांत सूर्य संध्याकाळ परत द्यायला लागतो – मिनिट, अर्धं मिनिट – पण सकाळ अजून चोरतच असतो. एका हाताने देतो, दुसऱ्याने खिसा कापतो. "सगळेच असे," असं म्हणून तिने कणीक एवढ्या जोराने आपटली की मांजर पळालं.

"ओंडका?" तिने विचारलं.

"बघून ठेवलाय," म्हणाले. खोटं!

१९ डिसेंबर

झालं काम! आणि तेही कसं झोकात!

मावशीची पाठ धरली, म्हणून कोंबड्यांना दाणे टाकायला मी गेले. विलिसकाकांच्या कोठारात मागच्या बाजूला दोन ठोकळ्यांवर काहीतरी लांबलचक झोपलेलं. वर गोधडी. उचलून पाहिलं – ओक! सरळ, सोललेला, खडखडीत वाळलेला, माझ्यापेक्षा दोन वीत लांब. हात फिरवला तर गुळगुळीत, तेल लावल्यासारखा. मी म्हटलं, वा रे काका, जाण्याआधीच तयारी करून गेलात आणि सांगितलं कुणालाच नाही!

मग रिहार्डसला बोलावलं, त्याच्या गाडीला लोखंडी दोर गुंडाळायचं यंत्र आहे म्हणून. रिहार्डस रीगाहून दोन वर्षांपूर्वी आला. तिथे ऑफिसात होता, आता इथे बकऱ्या पाळतो. दाढी छातीपर्यंत, अंगावर चांदीच्या एवढ्या पिना की चालला की किणकिणतो. गावातल्या आज्यांना गावच्या चालीरीती शिकवतो.

ओंडका बघून त्याचे डोळेच भरून आले. "रासा, हे वीज-देवाचं झाड आहे. तुला कळतंय का?"

"मला एवढंच कळतंय की तो उचलायचाय."

दीड तास लागला. माझं नख फुटलं. आता ओंडका त्याच्या गोठ्यात आहे, तो त्याला गवताच्या वेण्या आणि लाल फळांच्या फांद्या बांधणार आहे. मावशीला सांगितलं, आणला. "कुठून?" "जंगलातून." ती इतकी खूष झाली की मला चरबी भरलेले दोन पाव जास्त मिळाले.

२० डिसेंबर

मेले. मेले मेले मेले.

उद्यासाठी करडे वाटाणे भिजत घालत होतो. मावशी आपलीच बोलत होती. म्हणे, "या दिवसांत विलिस ओकाला तेल लावतो. यंदा राहिलं. मीच जाऊन लावून येऊ का?"

"कुठल्या ओकाला?"

"अगं तो कोठारातला."

माझ्या हातातलं भांडं मी हळूच खाली ठेवलं.

त्यांच्या अंगणात मोठा ओक होता. वादळात पडला. विलिसकाका आणि त्यांची बायको आउस्त्रा, दोघांनी तेव्हाच ठरवलं की याच्या फळ्यांत झोपायचं. अकरा वर्षांपूर्वी आउस्त्रा गेली. खालच्या अर्ध्या खोडाच्या फळ्या पाडून तिची शवपेटी झाली. वरचं अर्धं काकांचं. त्यांच्या उंचीला बरोबर मापाने कापलेलं. अकरा वर्षं वाळवतायत, तेल लावतायत, थंडीत पांघरूण घालतायत.

लाकडावर कुणी गोधडी घालतं का? तिथेच कळायला हवं होतं गाढवीला!

"एका झाडात झोपायचंय त्यांना," मावशी म्हणाली आणि पाण्यात वाटाणे ढवळत राहिली. चेहरा असा होता तिचा, की तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडलं. "मीठ घालू का?" असं विचारलं.

२० डिसेंबर, दुपारी तीन

रिहार्डसकडे धावत गेले. घराला कुलूप, गोठ्याला कुलूप. फोन बंद. बकऱ्या माझ्याकडे बघत होत्या. दारावर चिठ्ठी, सुंदर अक्षरात: "उद्या सकाळी भेटू. आज मौन."

मौन! आजच!

उद्या सांगेन. जाळायच्या आधी भरपूर घरं आहेत. कुठल्यातरी दारात सांगेन.

२१ डिसेंबर

संध्याकाळचे सहा. बाहेर केव्हाच मिट्ट काळोख. बोटं अजून वाकत नाहीत, तरी सगळं आत्ताच लिहून टाकते, नाहीतर उद्यावर जाईल आणि उद्याचं मला माहितीये.

सकाळी दहाला सगळे आमच्या अंगणात जमले, सोंगं घेऊन. मी करकोचा. मेंढीच्या कातड्याची बंडी उलटी घालायची, बाही डोक्यावर उभी धरायची आणि तिच्यातून लाकडी चोच. दिसत काही नाही, बोललं तर कातड्यातच जिरतं. रिहार्डस अस्वल. आणि मिल्डाआजी, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, दरवर्षीप्रमाणे मृत्यू. पांढरी चादर, तोंडाला पीठ, हातात विळा. "यंदा वेषाची गरज नव्हती म्हणा," तिची तीच म्हणाली.

अस्वलाने ओंडका आणला. असा सजवला होता की नवरी झक मारेल. वरून खालपर्यंत वेण्या आणि फांद्या. लाकूड दिसतच नव्हतं, म्हणून कुणी ओळखलं नाही. मी अस्वलाला कोपऱ्यात घेतलं आणि चोचीतून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "रासा, या चोचीतून काहीच ऐकू येत नाही. पण मलाही आनंद झालाय."

पहिलं घर आमचं. मावशीने काठी घेतली. मला वाटलं उगाच दोन टोले देईल. तिने सात-आठ दिले, ओठ दाबून. काय टाकलं, मोठ्याने सांगितलं नाही. सांगायचं बंधन नाही. मी टाकलंच नाही काही. काठी हातात आली तशीच पुढच्याला दिली.

पुढचं घर मिल्डाआजीचं. तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं: "माझं पित्ताशय! घे मेल्या!" आणि धाड. जानेवारीत ऑपरेशन आहे. पोटाला हात लावून फिरते, पण रडत नाही. तिसरं घर मधमाशीवाल्यांचं. बायकोने नवऱ्याचं घोरणं टाकलं, नवऱ्याने काय टाकलं ते सांगेना. चौथं रिहार्डसचं. त्याने अस्वलाचं मुंडकं काढलं, डोळे मिटले आणि इतक्या वेळा बडवलं की काठी मोडली.

प्रत्येक दारात मी म्हणत होते, आता सांगते. प्रत्येक दारात पाव आणि काहीतरी कडू-काळं प्यायला मिळत होतं. या दिवशी नऊ वेळा जेवायचं असतं, मी चार घरांतच सहा वेळा जेवले. भीतीने.

मग टेकडी. सरण रचलेलं. ओंडका वर चढवला. वाजले होते पावणेदोन. सूर्य शेताच्या कडेच्या जरासाच वर असा लोंबलेला, की हात लावला तर गडगडेल. रिहार्डसने मशाल पेटवली आणि भाषणाला घसा खाकरला.

मी चोच ओढून काढली आणि ओरडले, "हा विलिसकाकांचा आहे! शवपेटीचा! मी चोरलाय!"

 मग मावशी पुढे झाली, फांद्या बाजूला केल्या, लाकडावर हात ठेवला. लगेच कळलं तिला. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मशाल विझव," ती रिहार्डसला म्हणाली.

"पण वेल्गाताई, परंपरेप्रमाणे भरलेला ओंडका एकदा सरणावर चढला की–"

"दाढीत खोचीन ती मशाल! विझव!"

मधमाशीवाला म्हणाला, "मग काय, गुपचूप नेऊन ठेवू गोधडीखाली. विलिसला काय कळतंय? डोळे तर बांधलेले."

"आणि मग त्याला त्यात घालायचा?" मावशी. "मिल्डाचं पित्ताशय, तुझं घोरणं, याचा घटस्फोट, सगळं उशाशी घेऊन झोपायचं त्याने? आउस्त्राच्या शेजारी?"

"घटस्फोटाचं मी कुणाला बोललो नव्हतो," रिहार्डस म्हणाला.

"काठी मोडलीस रे बाबा."

"जाळला तर विलिस उघडा पडतो," मिल्डाआजी म्हणाली. विळ्यावर रेलून, साक्षात मृत्यू. "नाही जाळला तर आमचं आम्हालाच पुरे झालेलं त्याच्या बोकांडी. या भवानीने बरोबर मेख मारून ठेवलीये."

मी भवानी खाली बघत उभी.

मावशीने सूर्याकडे पाहून उरलेला वेळ मोजला. मग म्हणाली, "परत घ्या."

"काय परत घ्या?"

"ज्याने जे टाकलंय ते ज्याने त्याने परत घ्या. जिथे टाकलं त्याच दारात. उलट्या क्रमाने. चला, दोन तास आहेत."

असं कुणी कधी केलेलं नाही. रिहार्डस तर "याला कुठेही आधार नाही" असं म्हणत म्हणतच दोर खांद्यावर घेऊन पहिला पुढे झाला! त्याच्या दारात त्याने ओंडक्याला मिठी मारली आणि कानात काहीतरी बोलला. ओंडक्याला कान कुठे असतो कोण जाणे, पण त्याने शोधला. उठला तेव्हा दाढी ओली होती. "घेतलं," म्हणाला. "माझंच होतं."

उतारावर ओंडका आमच्या पुढे पळाला. अस्वल दोन वेळा त्याच्याखाली येता येता वाचलं. मधमाशीवालीने घोरणं परत घेतलं – "ये बाबा, तुझ्याशिवाय झोप तरी कुठे लागते!" नवऱ्याची पाळी. तो उभाच.

"घे की!"

"मोठ्याने सांगायला हवं का?"

"आता सांगच!" सगळे एकदम.

"सासूबाई," तो म्हणाला.

सासूबाई दारातच उभ्या होत्या, पावांचं ताट घेऊन. त्यांनी ताट आत नेलं. त्याने सासूबाई परत घेतल्या.

मिल्डाआजीच्या दारात मात्र अडलं. तिने विळा भिंतीला टेकवला आणि ओंडक्यावर बसली. "मी नाही घेत. तुमचं काय, घोरणं नि सासवा! डॉक्टर माझ्याकडे बघतो तेव्हा टेबलाकडे बघतो. या वयात चिरतात आणि मग शिवायला माणूस उठतच नाही."

 सव्वातीन झाले होते. सूर्य लाल, कच्च्या अंड्याच्या बलकासारखा, खालून पसरायला लागलेला.

मी म्हटलं, "आजी, मी घेते. मी काहीच टाकलेलं नाही, जागा आहे माझ्याकडे."

"चल गं! तुझ्या वयाला माझं पित्ताशय शोभेल का?" मग तिने चादरीने तोंडावरचं पीठ पुसलं. "माझा म्हातारा गेला तेव्हा फेब्रुवारी होता. जमीन दगड. विलिसने दोन दिवस एकट्याने कुदळीने खणलं. मी चहा नेला तर म्हणाला, मिल्डा, साखर कमी आहे." ती उठली. पोटावर थाप मारली. "ये मेल्या. आपलं आपण बघू जानेवारीत."

आमच्या दारी पोचलो तेव्हा सूर्याची फक्त फाक उरली होती. मावशीची पाळी. सगळे दोर टाकून, धापा टाकत, थांबलेले. ती ओंडक्यासमोर उभी. हात पुढे होईना.

"वेल्गा," मिल्डाआजी हळूच म्हणाली, "माझं झालं की घेऊन."

"आणि मी नाही घेतलं तर?" मावशीने विचारलं. कुणाला, ते कळलं नाही.

मग तिने दोन्ही हातमोजे काढले, तळवे लाकडावर ठेवले आणि तशीच उभी राहिली, जितका वेळ गारठलेलं लाकूड हाताला चटका देत नाही तितका. आणखी थोडा वेळ.

"घेतलं."

आमच्या सरपणातला बर्चचा एक कोरा ओंडका अंगणातच पेटवला. त्यात कुणाचंच काही नव्हतं. रिकामा ओंडका फुकटचा जळला आणि तीन बेचाळीसला सूर्य गेला. आभार नाहीत, काही नाही. रोजच्यासारखा.

विलिसकाकांचा ओक परत ठोकळ्यांवर ठेवला. मावशीने तेल लावलं, गोधडीच्या कडा खाली खोचल्या, जसं तापातल्या पोराला पांघरूण घालतात तसं. मग पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "हात धू. जेवायचंय."

मग वाटाणे खायला बसलो. एकही दाणा उरवायचा नसतो, उरला की वर्षभर तेवढे अश्रू. मी बशी पुसत होते आणि विचारलं, "मावशी, तू काय टाकलं होतंस?"

मला वाटलं, गप बस म्हणेल.

"विलिस," ती म्हणाली.

"विलिस म्हणजे?"

"म्हणजे विलिस. अकरा वर्षं झाली. म्हटलं, यंदा जाळावं, पुरे झालं. वय झालं, हसं होतं." चमच्याने एक दाणा बशीच्या कडेपर्यंत नेला, परत आणला. "पण त्याला तिच्याजवळ झोपायचंय. त्या झाडात दोघांचीच जागा आहे, रासा. माझं तेवढं तिथे कुठे ठेवू? घेतलं परत. अकरा वर्षं वाहिलं, आणखी वाहीन."

"त्यांना सांगितलंस कधी?"

"काय सांगू? तुझ्या पेटीला तेल मी लावते, म्हणून?" हसली. खरंच हसली! आणि तो दाणा खाल्ला.

मी उद्या जाणार नाहीये कुठे. हे मी तिला सांगितलेलं नाही. इथे लिहिते.

२२ डिसेंबर

सकाळचे साडेनऊ. नुकतं दिसायला लागलंय. विलिसकाकांच्या फाटकाशी टॅक्सी थांबलीये!

काका उतरले. डाव्या डोळ्याला पट्टी. मग दुसऱ्या दाराने एक बाई उतरल्या – जांभळी टोपी, कुशीत फुलझाडाची कुंडी, उजव्या डोळ्याला पट्टी. दोघांचे मिळून दोन डोळे. एकमेकांचा हात धरून बर्फातून चालतायत आणि शाळेतल्या पोरांसारखी खिदळतायत.

काकांनी मला खिडकीत पाहिलं. कुंपणापलीकडून ओरडले, "रासा! मावशीला हाक मार! म्हणावं, ही हेर्मीने. ऑपरेशनच्या रांगेत भेटली. राहायला आलीये!"

मावशी तळघरात बटाटे काढतेय. तिला ऐकू गेलेलं नाही. तळघराच्या पायऱ्यांवर तिची पावलं वाजतायत.